कोपऱ्यातले हात

रविवारी या घरात जेवण दोन तास चालतं, आणि त्याचं कारण भूक नव्हे. बोलायचं तर चमचा खाली ठेवावा लागतो. बाबांनी काही सांगितलं की त्यांचा चमचा खाली, आईला उत्तर द्यायचं असलं की तिचा चमचा खाली, आणि दोघं एकदम सुरू झाले की सगळ्यांचीच ताटं गार. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. मुलं दोन, थोरला आणि धाकटी. दोघंही ऐकणारी, पण बोलायला शिकली ती आधी हातांनी आणि मग तोंडाने. जेवणाचं टेबल मुद्दाम गोल घेतलेलं, मधोमध फुलदाणी ठेवायची नाही, आणि कडक नियम एकच: आईबाबांच्या देखत नुसत्या तोंडाने बोलायचं नाही. ते पाठीमागे बोलण्यासारखंच धरतात.

त्या रविवारी पहिला चमचा ठेवला बाबांनी. हात पुसले आणि जाहीर केलं की काल मंडळात, म्हणजे दर शनिवारी जमणाऱ्या अडतीस बहिऱ्या माणसांत, हात वर करून मोजणी झाली. एकतीस जण यंदा कोटवाल्याला मत देणार. त्या एकतिसांत आपणही आहोत, हे त्यांनी शेवटी सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

या घरात शांततेला काही अर्थ नसतो. पण सगळ्यांचे हात एकदम मांडीवर गेले, आणि जावयाने बटाटा तोंडाशी नेला होता तो परत ताटात ठेवला.

कोटवाला कडव्या उजव्या पक्षाचा पुढारी. बाहेरून येऊन इथे राहिलेल्यांना परत पाठवा, एवढ्या एका गोष्टीवर त्याचा पक्ष उभा आहे. दहा वर्षं त्याला कुठल्याही वाहिनीने दारात उभं केलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ते केलं थोरल्याने. दर रविवारी पाच वाजता जी राजकीय चर्चा थेट दाखवतात, तिचा तो निर्माता आहे. आणि ‘कोटवाला’ हे नाव दिलं धाकटीने. त्याच चर्चेत ती पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत उभी राहून सगळ्यांचं बोलणं हातांनी सांगते. त्याचं लांबलचक नाव अक्षर अक्षर करून सांगायला वेळ नव्हता. तो सारखी कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकत होता. तिने दोन बोटं आपल्या खांद्यावर झटकली आणि पुढे गेली. एरवी मंडळातले लोक कुणाला नाव द्यायचं तर महिनाभर भांडतात, कारण नाव दिलं की माणूस आपल्यातला झाला. याला ते फुकटात मिळालं होतं.

जावई बाहेरचा. हेही सांगून ठेवायला हवं, जरी घरात कुणी ते एकोणीस वर्षांत उच्चारलेलं नाही. तो आला तेव्हा त्याला इथल्या भाषेतला ‘पाणी’ हा शब्दसुद्धा येत नव्हता. बाबांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागला, आणि बाबांनी त्याला कागद चिकटवायची खळ कशी शिजवायची आणि हातांनी कसं बोलायचं हे एकत्रच शिकवलं. तोंडाची भाषा तो दोन वर्षांनी शिकला, धाकटीशी लग्न ठरल्यावर. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या हातवाऱ्यांना अजून बाबांचाच हेल आहे.

थोरल्याला वाटलं, बाबा चिडवतायत. त्याचं सगळं गणितच उलटं होतं. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे तो वरिष्ठांच्या बैठकीत तीनदा म्हणाला होता. बाहेर ठेवलं तर तो हुतात्मा होतो, उजेडात आणलं की लोकांना दिसेल तो किती पोकळ आहे. आणि त्याच्या मते झालंही तसंच. पहिल्या चर्चेत कोटवाला लालबुंद झाला, तीनदा ओरडला, एक वाक्य धड पुरं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं की तो हरला. म्हणून तर आज पाच वाजता त्याला पुन्हा बोलावलं होतं.

“बाबा, तो हरला,” थोरला हातांनी म्हणाला. “सगळे म्हणाले.”

“सगळे म्हणजे कोण?” बाबांनी विचारलं.

मग बाबांनी कोटवाल्याचं म्हणणं पहिल्यापासून मांडून दाखवलं. बाहेरून मजूर आले, कमी पैशात राबले, दर पडले, लहान कारखाने बसले, आणि बसलेल्या कारखान्यांच्या मालकांना कुणी विचारलं नाही की तुम्ही आता काय करता. आमचा कारखाना असाच बसला, हे मी पंधरा वर्षं सांगतोय. टीव्हीवर पहिल्यांदा कुणीतरी ते ओळीने सांगितलं. आणि किती शांत माणूस. बाकीचे तिघे एकमेकांना तोडत होते, हा आपली पाळी आली की बोलत होता.

“शांत?” वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, नकळत तोंडाने म्हणाली, आणि आईने टेबलावर बोट आपटलं.

थोरल्याने फोन काढला. त्या दिवशीची चर्चा लावली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. सगळ्यांच्या खुर्च्या पुढे सरकल्या. ऐकणाऱ्यांना ऐकू आलं ते असं: “अहो, म्हणजे हे लोक... नाही, तुम्ही मला सांगा ना... आमचा कामगार, त्याचं... मी काही म्हणत नाही, मी म्हणतच नाही, पण बघा, कोण आलं, कुठून आलं... जाऊ द्या, लोकांना सगळं कळतं!” शेवटचं तर तो घसा फाटेपर्यंत ओरडला होता. थोरल्याने बाबांकडे पाहिलं: बघा, हेच सांगत होतो. बाबांनीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं, आणि असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण वहिनीने हात पुढे करून फोनचा आवाज बंद केला.

“आता बघा,” ती हातांनी म्हणाली. “कोपऱ्यात बघा फक्त.”

थोरल्याने गेली सहा वर्षं आपल्या बहिणीला त्या चौकटीत उभं केलं होतं, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. कशाला पाहील? त्याला ऐकू येत होतं. आता पाहिलं. काळ्या सदऱ्यातली धाकटी संथपणे, सुबकपणे, एकेक गोष्ट आपापल्या जागी ठेवत सांगत होती: बाहेरून आलेले मजूर कमी पैशात काम करतात. त्यामुळे इथल्या कामगाराचं काम जातं. हे उघड बोलायला कुणी तयार नाही. लोकांना मात्र ते कळतं. चेहरा समंजस. घसा फाटलेला कुठेच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कोटवाल्याने मूठ झाकलेलीच ठेवली होती, अंगावर आलं तर मी म्हटलंच नाही म्हणायला मोकळा. आणि धाकटीने ती त्याच्यासाठी उघडून, आत जे असेल असं तिला वाटलं ते नीट मांडून दिलं होतं. ऐकणाऱ्यांनी एक माणूस पाहिला होता आणि बहिऱ्यांनी दुसराच.

सगळे धाकटीकडे बघत होते. तिला लाज वाटली, आणि लाज कशाची ते मात्र कळेना, कारण तिने तर काम चांगलं केलं होतं. तिने सांगितलं की सगळेच दुभाषी असं करतात. माणूस अडखळला तर आपण अडखळायचं नाही; अर्धवट बोलणं अर्धवट सोडलं तर बघणाऱ्याला वाटतं, बाईलाच येत नाही. शिक्षणमंत्री तर दर चर्चेत तीन वाक्यं गिळतात, तीही मीच पुरी करते, त्याबद्दल आजपर्यंत कुणी काही म्हटलं नाही. पदरचं किती घातलंस, असं थोरल्याने विचारलं. तिला सांगता येईना.

“मग बरोबरच आहे,” बाबा म्हणाले. “त्याला जे म्हणायचं होतं तेच हिने सांगितलं ना? आणि मला ते पटलं.”

आता जावयाने चमचा ठेवला. तो जेवताना सहसा बोलत नाही. “बाबा, मला परत पाठवायचं, असं तो म्हणतो,” त्याने सांगितलं.

“तू नाही,” बाबांनी लगेच उत्तर दिलं. “बाकीचे.”

“कारखान्यात मला कमी पगारावर कुणी ठेवलं होतं?”

बाबांचे हात वर आले. ते काहीतरी सांगणार होते, ‘तू वेगळा’ किंवा ‘तेव्हाची गोष्ट वेगळी’; पण त्याच्या आत आईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत पकडले आणि टेबलावर दाबून धरले. या घरात याहून मोठा अपमान नाही. हात धरणं म्हणजे तोंड दाबणं. बाबा लहानपणी ज्या शाळेत होते तिथे हात हलवले म्हणून हातांवर छड्या बसत, आणि आईला हे सगळ्यात जास्त माहीत होतं. तिने चार-पाच श्वास घेईपर्यंत धरले आणि सोडले. बाबा उठून गॅलरीत गेले. ताटं आता खरोखरच गार झाली होती.

स्वयंपाकघरात नियम सुटतो. दार ओढून घेतलं की ऐकणारी माणसं तिथे तोंडाने बोलतात, आणि बोलताना सारखं दाराकडे बघतात.

“आज तो जसा आहे तसा दाखव,” थोरला म्हणाला. “ओरडला तर ओरड. अर्धवट सोडलं तर तू पण सोड.”

धाकटी भांडी विसळत होती. तिने विचारलं, तू त्याला बोलावलंसच का. थोरल्याने तीन कारणं दिली. लाखो लोक त्याला मत देतात, त्यांना आपण नाहीतच असं धरून चालता येत नाही. दुसरं, कोळशाचं. तिसरं, त्या चर्चेला वर्षातले सगळ्यात जास्त प्रेक्षक मिळाले. आणि हे सांगताना त्याचा आवाज उगाचच खाली आला. मग तो म्हणाला की मला खरंच वाटलं होतं तो उघडा पडेल. त्याला आता स्वतःलाच कळत नव्हतं की यातलं पहिलं कारण कुठलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं तो पुटपुटला, पण त्याचंही त्याला समाधान झालं नाही. कारण आधी तरी आपण गणपतीच करायला बसलो होतो का?

वहिनी व्यवहारी. ती म्हणाली, ताप आला म्हणून कळव, विषय संपला. थोरल्याने नकारार्थी मान हलवली. दुसरा दुभाषी वाहिनीकडे नाही. संचालकांना ती चौकट कधीपासून खुपते आहे. तिच्यामुळे जाहिरातीची पट्टी अर्धी होते. एक रविवार चौकट रिकामी गेली की ते म्हणतील, बघा, हिच्यावाचून काही अडत नाही. ती चौकट मिळावी म्हणून बाबांनी अकरा वर्षं त्या इमारतीचे खेटे घातले होते, हे तिथे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. आज उभी राहिली तर त्याचं बोलणं तिच्याच हातांनी घरातल्या माणसांपर्यंत पोचतं, नाही राहिली तर चौकट जाते. धाकटीची इकडे आड तिकडे विहीर झाली होती.

दार उघडलं. आईने फरशीवर पाय आपटला. “तोंडं,” तिने ओठांवर बोट ठेवून सांगितलं, आणि तिघंही शाळेतल्यासारखी गप्प झाली. आई धाकटीसमोर येऊन उभी राहिली.

“त्या दिवशी तो माझ्यासारखा बोलत होता,” आई म्हणाली. “हात असे वळवायला तू माझ्याकडून शिकलीस. यांना तो पटला, कारण चाळीस वर्षं यांना मीच समजावत आले.”

“मग आज मी काय करू?”

“मला विचारू नकोस. मला तो आवडला नाही. तू आवडलीस.” आईने तिच्या हातातलं ओलं फडकं घेतलं. “मी पण मत द्यायला हात वर केला होता. मग खाली घेतला. का, ते मला सांगता येणार नाही.”

म्हणजे एकतीस की तीस, हेही आता नक्की राहिलं नाही.

धाकटी चार वाजता वाहिनीच्या इमारतीत पोचली तेव्हा तिचं काहीच ठरलेलं नव्हतं. जिन्यात निरोप देताना जावयाने तिच्या पर्सची चेन उघडी होती ती लावून दिली होती. सदरा बदलून ती बोळातून स्टुडिओकडे निघाली तर समोरून कोटवाला. जवळून तो उंचीने लहान होता. तिला बघून थांबला आणि अगदी मनापासून हसला.

“तुम्हीच ना त्या?” तो म्हणाला. “अहो, त्या दिवसानंतर तुमच्या लोकांचे किती निरोप आले मला. कुणीतरी दाखवलं, तुम्ही कसं करता ते. मला पण स्वतःला इतकं छान बोलता येत नाही.”

ती काहीतरी आभाराचं बोलली. सवयीने बोलली. आणि मग चौकटीच्या दिव्याखाली उभी राहिल्यावर तिला संताप आला. ठरलं ते तिथे ठरलं. आज तू दिसशील, ती मनात म्हणाली. आज तुझं तुलाच देते.

पण कोटवाला आज शिकवून पाठवलेला होता. हात टेबलावर जुळवलेले. कोट झटकणं नाही, ओरडणं नाही. पुरी वाक्यं, एकामागून एक, मऊ आवाजात. ‘माझा कुणा एका माणसावर राग नाही. पण घर भरलं की दार लावावं लागतं.’ बाकीचे तिघेच चिडले होते. धाकटीच्या कानात मऊ आवाज येत होता आणि तिचे हात तुटक चालले होते, भुवया आवळलेल्या, जबडा पुढे. ‘घर भरलं. दार लावा. बाहेर हो.’ ती स्वतःला सांगत होती की आतलं तेच आहे, मऊ कागदात गुंडाळलं म्हणून काय झालं. सातव्या मिनिटाला तिला स्पष्ट कळलं की ‘बाहेर हो’ तो म्हणालाच नव्हता. मागच्या वेळी पदरची साखर घातली, आज पदरचं मीठ. तरी चेहरा सैल होईना. ती घाबरली, आणि घाबरल्यावर तर तो आणखीच आवळला.

घरी बाबा टीव्हीच्या समोर स्टूल घेऊन बसले होते. कोपरा इतका लहान की एरवी डोळे तिथेच लावून बसावं लागतं, मोठ्या चित्राकडे बघायला फुरसत मिळत नाही. आज बाबा दोन्हीकडे बघत होते. मोठ्या चित्रात जुळवलेले हात आणि हसरे ओठ. कोपऱ्यात आपली मुलगी, कुणाच्या तरी अंगावर धावून जावं अशी. ते उठून पडद्यापाशी गेले, मग मागे आले. त्यांना वाटलं, डोळ्यांचंच काहीतरी झालंय.

“तो ओरडतोय का?” त्यांनी मागे वळून विचारलं.

“हो,” वहिनीने सांगितलं. पटकन सांगितलं, आणि वर डोकंही जोरात हलवलं. तिला वाटलं, एवढ्या एका होकाराने घर वाचत असेल तर काय बिघडलं.

बाबांनी जावयाकडे पाहिलं. कारखान्यात कागद कापायचं मशीन चालवताना ते नीट वाजतंय का, हे बाबा त्यालाच विचारत असत. तोच त्यांचा कान होता. जावई पडद्याकडे बघत होता. ओरडणाऱ्या माणसाची त्याला भीती वाटली नव्हती, या मऊ बोलणाऱ्याची वाटत होती. एक होकार दिला असता तर बाबांचं मत बदललं असतं, कदाचित मंडळाचंही. त्याने मान हलवली.

“नाही,” तो हातांनी म्हणाला. “शांत बोलतोय. प्रेमाने बोलतोय.”

“मग ही का ओरडते?”

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने बघायचंच सोडून दिलं होतं. वहिनी उठून आत गेली आणि तिने थोरल्याला फोन लावला, पण तो उचलत नव्हता.

धाकटी सात वाजता आली. दारातून वाकून बघितलं तर टेबल पुसलेलं, त्यावर कोरे कागद, पेन आणि बाबांचा चष्मा. बाबा रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बस. लिहायचंय.”

सात वर्षांची होती तेव्हापासून बाबांचं लिहिणं तीच लिहिते. ऐकणाऱ्यांची लिखाणाची भाषा बाबांना कधी आपली वाटली नाही. ते हातांनी सांगत, ती लिही: घरमालकाला, डॉक्टरला, कागदाच्या व्यापाऱ्याला. एकदा तिच्याच शाळेत, ती वर्गात फार बोलते या तक्रारीला उत्तर म्हणून. बाबांनी सांगितलं त्यात तिने कधी काही वाढवलं नव्हतं की गाळलं नव्हतं. ती बसली, पेनाचं टोपण काढलं.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. वाहिनीच्या संचालकांना. आजच्या चर्चेत कोपऱ्यातल्या बाईने बोलणाऱ्याचं बोलणं बदललं. बोलणारा शांत होता, बाई रागावलेली होती. माझ्या घरी ऐकणारा माणूस आहे, त्याने खात्री करून सांगितलं. बोलणारा चांगला की वाईट हे आम्ही ठरवू. बहिऱ्या लोकांना तेवढं कळत नाही, असं बाईला वाटतं काय?

तिचं पेन थांबलं. बाबांनी टेबलावर टिचकी मारली.

“लिहिलंस?”

“लिहितेय.” तिने लिहिलं. मग पेन खाली ठेवलं, कारण पेन हातात धरून बोलता येत नाही. “बाबा, हे वाचलं तर ते चौकटच काढून टाकतील.”

“मग मी परत खेटे घालीन,” बाबा म्हणाले. ते शहात्तर वर्षांचे होते आणि गेल्या वर्षीपासून जिना चढताना दोनदा थांबत होते.

तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी ते बरोबर बोलतायत हेही दिसत होतं. त्या माणसाने माझ्या नवऱ्याला घालवायचं ठरवलंय आणि मी त्याच्या बाजूने खोटं बोलले, मग त्याच्या विरुद्ध खोटं बोलले. यातलं कुठलं जास्त वाईट? बाबांना विचारावं असं तिला वाटलं. लहानपणापासून असलं सगळं ती बाबांनाच विचारत आली होती.

“मागच्या वेळी मी त्याचं बोलणं सुधारलं होतं,” तिने विचारलं. “तेही लिहू?”

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने खांदे उडवले.

“तेही लिही,” ते शेवटी म्हणाले. “आणि लिही, की एकतीस लोकांनी हात वर केले, ते कुणासाठी केले ते आता आम्हाला कळत नाही. त्या माणसासाठी की बाईसाठी. हे कुणाला विचारायचं, तेही कळवा.”

तिने ते जसंच्या तसं लिहिलं. बाईचं नाव हवं, नाहीतर तक्रार घेत नाहीत, असं तिने सांगितलं, आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं. ही तुमची मुलगी आहे असं लिहू का, तिने विचारलं.

“नको. घरचं भांडण म्हणून फेकून देतील.”

बाबांनी चष्मा लावून कागदावरून बोट फिरवलं, खाली सही केली, आणि कागद जावयापुढे सरकवला. ऐकणाऱ्याची सही असली की वजन पडतं. जावई उभाच होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग वाकून सही केली, त्याच्या मुलखातल्या अक्षरांत, कारण कागदोपत्री त्याची सही अजून तीच आहे.

“तू सुद्धा?” धाकटीने त्याला तोंडानेच विचारलं, आईबाबांच्या देखत.

“मी त्यांना खरं सांगितलं,” त्यानेही तोंडानेच उत्तर दिलं. “खोटं सांगितलं असतं तर त्यांनी मला कशाला ठेवून घ्यायचं?”

बाबांनी दोघांचे ओठ हलताना पाहिले, पण आज टेबल आपटलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, चाळीस वर्षं घालत होते तशी, कडेला कड जुळवून, नखाने दाबून. पाकीट चिकटवलं आणि तिच्या हातात दिलं.

“उद्या तू तिकडेच जाणार आहेस ना?” ते म्हणाले. “टपालाला उशीर लागतो. तूच देऊन टाक.”